आधी तारीख, मग डबा: १९५० सालची अमेरिकन मालगाडी एचओ स्केलमध्ये खरीखुरी कशी बांधायची

मॉडेल रेल्वे करणारे बरेच जण आधी डबा घेतात, रंग आवडला म्हणून, कंपनीचं चिन्ह छान दिसतं म्हणून, आणि मग रुळावर ठेवून बघतात की शेजारच्या डब्याशी जमतंय का. मीही बरीच वर्षं असंच केलं. पण मालगाडी त्या काळाला धरून हवी असेल तर उलट्या बाजूने सुरुवात करावी लागते, आधी तारीख, मग जागा, मग तिथे कुठला माल येत-जात होता ते, आणि डबा सगळ्यात शेवटी. कारण मालडब्याच्या अंगावर तारखाच तारखा असतात, छत, ब्रेक, चाकांचे ट्रक (म्हणजे बोगी), शिड्या, बाजूला रंगवलेली बारीक अक्षरं, प्रत्येकाला आपापलं वय असतं आणि ती सगळी एकमेकांशी जुळली पाहिजेत.

या लेखात मी एकच उदाहरण धरून चालतोय: ऑक्टोबर १९५०, आयोवातलं एक छोटं शेतीचं गाव, एचओ स्केल. एचओ म्हणजे १:८७, आणि यातलं सगळ्यात उपयोगी गणित म्हणजे खरा एक फूट = मॉडेलवर ३.५ मिलिमीटर. ४० फुटी डबा १४० मिलिमीटर, ६ फुटी दरवाजा २१ मिलिमीटर, १८ इंची हातकडी (डब्यावर चढताना धरायची लोखंडी कडी) साधारण ५ मिलिमीटर. हे एकदा डोक्यात बसलं की पट्टी घेऊन कुठलाही किट तपासता येतो.

तारीख का ठरवायची

अमेरिकेत एका कंपनीचा डबा सर्रास दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जायचा, त्याला इंटरचेंज म्हणतात, आणि इंटरचेंजला जाणाऱ्या डब्यावर काय चालेल काय नाही याचे नियम होते. हे नियम म्हणजे आपल्यासाठी सोनं आहे कारण त्यांच्यामुळे काळ पक्का होतो.

आर्चबार ट्रक, म्हणजे पट्ट्या वाकवून बोल्टने जोडलेले जुने ट्रक, १९४१ पासून इंटरचेंजला बंद झाले. नवीन डब्यांना १९३३ पासून एबी ब्रेक (नव्या पद्धतीचा हवेचा ब्रेक) लागायला लागले, त्याआधीचा जुना के ब्रेक मात्र १९५३ च्या मध्यापर्यंत इंटरचेंजला चालला. दुसऱ्याच कंपनीच्या जाहिराती रंगवलेले रेफ्रिजरेटर डबे १९३४ च्या आदेशानंतर कमी होत गेले आणि १९३७ पासून इंटरचेंजला चालेनासे झाले, त्यामुळे ते रंगीबेरंगी जाहिरातवाले डबे कितीही देखणे असले तरी १९५० च्या गाडीत त्यांना जागा नाही. उलट बाजूने बघा, डब्याच्या छतावरची चालायची फळी नवीन डब्यांवरून १९६६ पासून गेली, रंगीत पट्ट्यांचं ओळखलेबल १९६७ नंतरचं, आणि काळ्या चौकटीतल्या तेलपाण्याच्या नोंदी १९७० च्या दशकातल्या. म्हणजे १९५० च्या बॉक्सकारवर (चारी बाजूंनी बंद मालडब्यावर) छताची फळी हवीच, ब्रेकचं चाक वर उंच हवं, शिड्या छतापर्यंत हव्यात, आणि नंतरची लेबलं अजिबात नकोत.

माझ्याकडून एकदा नेमकी हीच चूक झाली. लाकडी फळ्यांची सिंगल शीथ्ड बॉक्सकार, म्हणजे लोखंडी आडव्या-तिरक्या पट्ट्या बाहेर आणि फळ्या आत, तीन आठवडे बसून बांधली, खाली के ब्रेकचा एकत्र जोडलेला सिलिंडर-टाकीचा भाग अगदी नळ्यांसकट बसवला, आणि बाजूला डबा तोलल्याची तारीख टाकली १९५४ ची. डिकॅल (पाण्याने चिकटवायची छापील अक्षरं) वाळल्यावर लक्षात आलं की या डब्याला त्या वर्षी दुसऱ्या कंपनीने हातसुद्धा लावला नसता. तारीख खरवडून १९४९ केली. तेव्हापासून मी किट उघडायच्या आधी कागदावर वर्ष लिहितो आणि त्याखाली त्या वर्षी काय चालत होतं आणि काय नाही ते लिहून काढतो.

माहिती कुठून आणायची

तीन गोष्टी लागतात. पहिली, ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर. यात प्रत्येक कंपनीच्या डब्यांचे नंबर कुठून कुठपर्यंत, आतली लांबी-रुंदी-उंची, क्षमता आणि त्या गटात किती डबे शिल्लक आहेत हे सगळं मिळतं. तुमच्या तारखेच्या जवळचा अंक बघायचा, चार वर्षांनंतरचा नाही, कारण तोवर डबे मोडीत निघालेले असतात किंवा नव्याने बांधलेले असतात. किटच्या डिकॅलवरचा नंबर यात सापडला नाही तर तो नंबर लावू नका, शेजारचा सापडणारा नंबर लावा, दोन अंक कापून बदलायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी, फोटो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये शिकागोच्या रेल्वे यार्डांमध्ये काढलेले फोटो आहेत, त्यातले काही चक्क रंगीत, आणि मोठ्या आकारात फुकट बघायला मिळतात. मी हे फोटो तासन् तास बघितलेत. यार्डाचा फोटो वरून काढलेला असेल तर छतं दिसतात, आणि छतं हीच आपल्याला टेबलावर सगळ्यात जास्त दिसणारी बाजू! कंपनीने काढलेला नव्याकोऱ्या डब्याचा फोटो अक्षरांसाठी चांगला, पण मळ, ठिगळं आणि खडूच्या खुणांसाठी यार्डातलाच फोटो हवा.

तिसरी गोष्ट लेआउटसाठी, म्हणजे रूळ आणि गाव यांच्या मांडणीसाठी, सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. विमा ठरवायला बनवलेले असल्यामुळे इमारत विटांची आहे की लाकडाची हे रंगाने दाखवलेलं असतं, विटा गुलाबी, लाकूड पिवळं, रूळ कुठून जातो, गोदामाचा धक्का कुठल्या बाजूला आहे तेही असतं. स्केल बहुतेक वेळा एका इंचाला ५० फूट.

कुठले डबे, किती

इथे बहुतेकांची गाडी घसरते. प्रत्येक कंपनीचा एकेक डबा जमवला की गाडी प्रदर्शनातली वाटते, रुळावरची नाही.

माझा हिशोब असा. शाखा लाइनवरच्या गावात त्या लाइनच्या मालकाचे स्वतःचे डबे सगळ्यात जास्त. आयोवात नॉर्थ वेस्टर्न, मिलवॉकी रोड, रॉक आयलंड, बर्लिंग्टन, इलिनॉय सेंट्रल अशा बऱ्याच कंपन्या होत्या, त्यातली एक तुमची. उरलेल्या बॉक्सकारसाठी सोपा नियम: साध्या बॉक्सकार आणि फ्लॅटकार (सपाट उघडे डबे) देशभर भटकायच्या, म्हणून ज्या कंपनीकडे जास्त डबे तिचे डबे तुमच्याकडेही जास्त. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोघांकडे बॉक्सकारचा सगळ्यात मोठा साठा होता, त्यामुळे आयोवातल्या शेतातसुद्धा पेनसिल्व्हेनियाची एक्स२९ ही बुटकी पोलादी बॉक्सकार दिसणं अगदी स्वाभाविक. एखाद्या चिमुकल्या कंपनीचा सुंदर डबा एखादाच ठेवा, आणि तोही रोज नाही.

हॉपर (खालून माल ओतून काढायचे डबे), टँक आणि रेफ्रिजरेटर डब्यांना मात्र हा नियम लावायचा नाही. कोळशाचा हॉपर खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंत ठरलेल्या वाटेने जायचा, तेव्हा गावातला कोळसा कुठल्या खाणपट्ट्यातून येतो ते आधी ठरवा. टँक डबे जवळजवळ सगळे खाजगी मालकीचे, त्यांच्यावर रंगवलेल्या मालकाच्या खुणेच्या शेवटी एक्स असतो, युटीएलएक्स, जीएटीएक्स वगैरे. कॅलिफोर्नियाची फळं-भाज्या आणणारे पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचे नारिंगी डबे घेता येतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९५० मध्ये धान्य बॉक्सकारमधून जायचं. झाकणवाले कव्हर्ड हॉपर तेव्हा सिमेंट-वाळूसारख्या जड मालासाठी होते, धान्याला ते नंतर लागले. ऑक्टोबरमध्ये मक्याचा हंगाम, म्हणजे एलेव्हेटरपाशी (धान्य साठवून डब्यात भरायच्या उंच कोठारापाशी) रिकाम्या बॉक्सकारची रांग हवी. दरवाजाच्या आत लाकडी फळ्यांचा आडोसा खिळ्यांनी ठोकायचे, त्याला ग्रेनडोअर म्हणायचे, आणि वरच्या फटीतून नळीने धान्य सोडायचे. एका डब्याचा दरवाजा थोडा सरकवून आत कच्च्या लाकडाच्या रंगाच्या पट्ट्या आडव्या लावल्या की काय चाललंय ते सांगावं लागत नाही.

डबा बांधायला घ्या

उदाहरण म्हणून १९३७ च्या एएआर (अमेरिकन रेल्वे कंपन्यांची संघटना) प्रमाणाची ४० फुटी पोलादी बॉक्सकार घेऊ, हा डबा अनेक कंपन्यांकडे होता आणि प्लॅस्टिकमध्ये सहज मिळतो.

आधी सगळे भाग भांडी घासायच्या साबणाने धुवून वाळवा, साच्याचं तेल राहिलं की रंग धरत नाही. मग फोटो समोर ठेवून चार गोष्टी तपासा: टोकाची भिंत कुठल्या नमुन्याची, छताचे पत्रे चौकोनी की तिरक्या नक्षीचे, दरवाजा यंग्जटाउनचा पन्हाळीवाला की सुपीरियरचा पट्ट्यांचा, आणि ब्रेकचं चाक कुठल्या कंपनीचं. तिरक्या नक्षीचं छत १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे आलं, तेव्हा १९३८ मध्ये बांधलेल्या डब्यावर ते दिसलं तर शंका घ्या.

नंतर हातकड्या. साच्यातच ओतलेल्या जाड हातकड्या छिन्नीच्या पात्याने अगदी थोडं थोडं करून काढायच्या, पातं भिंतीला सपाट ठेवून, घाई केली की शेजारचे रिव्हेट जातात. तेवढ्यासाठी उठावाच्या रिव्हेटची डिकॅल शीट मिळते पण रिव्हेट न घालवणं केव्हाही बरं. ८० नंबरच्या ड्रिलने भोकं पाडा आणि ०.३ मिलिमीटर पितळी तारेच्या हातकड्या बसवा. सगळ्या सारख्याच पुढे याव्यात म्हणून भिंत आणि तार यांच्यामध्ये पट्टी धरायची, मी साधारण १ मिलिमीटर जाडीची स्टायरिनची पट्टी धरतो, आतून सुपरग्लूचा एक थेंब, पट्टी काढा, पुढची. एका बाजूच्या सगळ्या झाल्या की डबा डोळ्याच्या रेषेत धरून बघा, एक जरी वाकडी असली तरी लगेच कळते.

आता डब्याचं पोट. लोक म्हणतात खालचं कोण बघतं, पण डबा बाजूने बघितला की ब्रेकचे दांडे आणि टाकी उजेडात दिसतातच, आणि मला तर हाच सगळ्यात आवडता भाग. एबी ब्रेकचे तीन तुकडे असतात: दोन कप्प्यांची हवेची टाकी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर. डब्याच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य नळीतून एक फाटा व्हॉल्व्हला येतो, टाकीतून व्हॉल्व्हला दोन नळ्या, व्हॉल्व्हमधून सिलिंडरला एक, आणि एक बारीक नळी ब्रेकचाकाच्या टोकाला वर जाते. एवढं लक्षात ठेवलं की कुठलाही फोटो वाचता येतो. सिलिंडरचा दट्ट्या एका लिव्हरला ढकलतो, तो लिव्हर मधल्या दांड्याने दुसऱ्या लिव्हरला जोडलेला, आणि दोन्हीकडून एकेक दांडा आपापल्या ट्रककडे जातो. हातब्रेकची साखळी येते ती सिलिंडरजवळच्या लिव्हरला, म्हणून ब्रेकचाकाचं टोक, ज्याला बी एंड म्हणतात, ते आधी ठरवा आणि मगच सिलिंडरचं तोंड कुठे ते ठरवा. उलटं बसवलं तर साखळी जाणार कुठे!

छत चिकटवायच्या आधी वजन घाला. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी एक औंस अधिक डब्याच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे ४० फुटी डब्याला साधारण १०६ ग्रॅम. लोखंडी नट जमिनीला चिकटवा, दोन्ही टोकांना सारखे, वर भिंतीला नको. ट्रक बसवताना एकाचा स्क्रू इतकाच घट्ट की तो फक्त वळेल, दुसऱ्याचा थोडा सैल की तो डुलेल पण, याने डबा तीन बिंदूंवर उभा राहतो आणि रुळावरून उतरत नाही. चाकं धातूची, ५० टनी डब्याला ३३ इंची, कपलरची उंची गेजवर बघा, अंदाजाने नाही.

रंग आणि अक्षरं

बॉक्सकारचा लाल हा एक रंग नव्हेच. प्रत्येक कंपनीची छटा वेगळी, कुठे तपकिरीकडे, कुठे विटकरीकडे, आणि उन्हाने प्रत्येक डब्याची आणखी वेगळी. एकाच बाटलीतून दहा डबे रंगवू नका, प्रत्येक वेळी थोडा पांढरा किंवा काळा किंवा पिवळसर मिसळा. रंग वाळला की चकचकीत ग्लॉस वॉर्निश, त्यावर डिकॅल, त्यावर डिकॅल मऊ करणारं द्रावण, फुगे आले तर सुईने टोचून परत द्रावण, शेवटी बिनचमकीचं मॅट वॉर्निश.

आता एक बारकावा जो मला फार उशिरा कळला. डब्याच्या बाजूला तीन वजनं लिहिलेली असतात, क्षमता, भाराची मर्यादा आणि रिकाम्या डब्याचं वजन, पौंडांत. या काळात ५० टनी डब्यावर शेवटची दोन मिळवली की १,६९,००० यायला हवेत, म्हणजे रिकामा डबा ४६,२०० तर भार १,२२,८००. तुमच्या डिकॅलवरची बेरीज करून बघा. ४० टनी डब्याला १,३६,००० आणि ७० टनीला २,१०,०००. हे डबे ठरावीक काळाने परत तोलले जायचे, तेव्हा जुन्या आकड्यांवर ताज्या रंगाचं ठिगळ मारून नवा आकडा, तोलणाऱ्या ठिकाणाची खूण आणि महिना-वर्ष लिहायचे. १९३८ चा डबा ऑक्टोबर १९५० मध्ये दाखवायचा तर तोलल्याची तारीख १९४८, ४९ किंवा ५० ची हवी, बांधल्याची तारीख तशीच राहते. मळलेल्या भिंतीवर ते छोटंसं स्वच्छ ठिगळ इतकं खरं दिसतं की मी आता प्रत्येक जुन्या डब्यावर करतो. काम सोपं आहे, मळवून झाल्यावर टेपने चौकोन झाकायचा, ताजा रंग, त्यावर नवे आकडे.

मळवताना वय बघा. दोन वर्षांचा डबा नुसता धुरकट, पंचवीस वर्षांचा काळपट आणि अक्षरं पुसट. वाफेच्या इंजिनांचा काळ असल्यामुळे छतावर काजळी जास्त, जस्ताच्या पत्र्यावरचा रंग सोलून खालचा करडा पत्रा दिसतो, लाकडी चालफळी राखाडी. चाकांना गंज फासायची सवय आजच्या डब्यांवरून आली आहे, तेव्हाच्या साध्या बेअरिंगच्या पेटीतून तेल झिरपायचं आणि चाकाचा बाहेरचा चेहरा तेलकट काळा व्हायचा, तेव्हा काळपट तपकिरी लावून वर किंचित चमक ठेवा.

लेआउट

गाव एकच घ्या पण नीट घ्या. स्टेशन, धान्याचा एलेव्हेटर, कोळसावाला, लाकडाची वखार, तेलवाल्याच्या दोन उभ्या टाक्या, गुरांचा कोंडवाडा, आणि टीम ट्रॅक म्हणजे कोणीही गाडी लावून माल उतरवावा अशी सार्वजनिक सायडिंग. टीम ट्रॅक विसरू नका, इमारत लागत नाही आणि कुठलाही डबा तिथे येऊ शकतो.

वळण ६१ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी नको, ७६ जमलं तर दिसायला फार बरं. रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) मुख्य लाइनला कोड ७०, सायडिंगला कोड ५५, कोड १०० चा रूळ या शाखेवर फार उंच दिसेल. खाली स्वच्छ करडी खडी नको, तेव्हा शाखांवर इंजिनाची राख पसरायचे, काळपट, बारीक, मधेमधे गवत.

एलेव्हेटरपाशी जागा सोडताना एक विचार करा. नळी एकाच जागी असते, डबे तिच्याखालून एकेक पुढे ढकलले जातात. म्हणजे चार डबे भरायचे तर नळीच्या अलीकडे चार रिकाम्यांची जागा आणि पलीकडे चार भरलेल्यांची. जोडलेला एक डबा साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे दोन्हीकडे ६० सेंटिमीटरच्या वर. इमारत लहान केली तरी चालते, ही लांबी कमी केली की काम खोटं वाटतं. नळीखाली रुळांच्या मध्ये पिवळ्या बारीक दाण्यांचा सडा टाका.

गाडी चालवायला लागा

प्रत्येक डब्याला एक कार्ड करा, त्यात वेबिल सरकवा: कुठून, कुठे, काय माल, कोणासाठी. वायव्येकडून लाकूड घेऊन आलेली ग्रेट नॉर्दर्नची बॉक्सकार वखारीत रिकामी झाली की नियमाने ती घराकडे जायला हवी, म्हणून तिच्यासाठी पश्चिमेकडे जाणारा भार शोधा, नसेल तर तशीच रिकामी परत पाठवा. तुमच्या स्वतःच्या कंपनीचे डबे मात्र एलेव्हेटरला लावा, आणि हंगामात डबे कमी पडले की परकी बॉक्सकारही भरली जायची, तेव्हा थोडा नियम मोडलात तरी ते त्या काळाला धरूनच आहे.

शेवटचं काम खडूचं. यार्डातली माणसं डबा कुठे जायचा ते खडूने भिंतीवरच लिहायची, रूळ नंबर, तारीख, बाण, एकावर एक, जुनं अर्धवट पुसलेलं. टोकदार पांढरी पेन्सिल घ्या, मॅट कोट वाळल्यावर दरवाजाच्या डावीकडे, उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर म्हणजे रुळापासून २० ते २५ मिलिमीटरवर, दोन-तीन खुणा करा, एक बोटाने पुसट करा आणि तिच्यावरच दुसरी लिहा.